आठबोटे भाऊजी

आमचे भाऊजी अनोळखी माणसाला नमस्कार करत नसत. हात पुढे करत, आणि तोही डावा. समोरचा माणूस सवयीने आपला हात पुढे करी, मग त्याची नजर खाली जाई आणि त्याचा हात मधेच थांबे. भाऊजींच्या डाव्या हाताला अंगठा, अनामिका आणि करंगळी एवढंच उरलं होतं. अंगठ्याशेजारची दोन बोटं साखर कारखान्यात, ऊस वाहून नेणाऱ्या गव्हाणीच्या साखळीत गेली होती. माणूस असा थबकला की भाऊजी हसून म्हणत, "धरा, धरा. उरलेली चावत नाहीत." आणि तो नीट हात धरेपर्यंत ते आपला हात मागे घेत नसत. कुणाला हा खोडसाळपणा वाटे. मला ती परीक्षा वाटायची, समोरच्या माणसाची. पुष्कळ लोक नापास होत.

लग्न होऊन मी कोपरगावजवळच्या त्या कारखान्याच्या कॉलनीत आले ते एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात. घरात आम्ही चारजण. आमचे हे कारखान्याच्या हिशेब खात्यात. सासूबाई मूळच्या तिसगावकडच्या, सगळा जन्म कोरडवाहू शेतीत काढलेल्या आणि मुलांच्या नोकरीपायी कॉलनीत येऊन अडकलेल्या. धाकटे दीर म्हणजे भाऊजी. आणि मी, नगर शहरातली, प्रत्येक कामाची यादी करून मगच हात लावणारी. माझी किराण्याची, धोब्याची, फराळाची अशी प्रत्येक यादी भाऊजी मोठ्याने वाचून दाखवत आणि शेवटी म्हणत, "वहिनी, यात 'श्वास घेणे' राहिलं."

अपघात माझ्या लग्नाच्या आधीच्या हंगामातला. तोवर भाऊजी दिवसा फिटर आणि संध्याकाळी कॉलनीच्या ऑर्केस्ट्रात गिटारवाले होते. गिटार ऑर्केस्ट्राच्या मालकीची होती. बोटं गेली तशी ती स्टोअरमधल्या एका हौशी क्लार्ककडे गेली. भाऊजींना कारखान्याने हलकं काम दिलं: गेटवर स्टूल टाकून बसायचं आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघायच्या. कॉलनीतली पोरं पाठीमागून "आठबोट्या" म्हणू लागली. एकदा भाऊजींनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी आमच्या दारावर ऑइलपेंटने सुबक अक्षरांत नाव होतं: श्री. आठबोटे. सासूबाईंनी रॉकेल लावून ते पुसलं. भाऊजींनी पुन्हा काढलं. पोरांची त्यातली मजाच गेली, ती गप्प झाली. नाव मात्र दारावर राहिलं. पोस्टमनने तर आम्हा सगळ्यांनाच आठबोटे करून टाकलं.

लोक समजूत घालायला येत, त्याचा भाऊजींना फार राग. कुणी "झालं ते झालं, देवाची इच्छा" म्हणून उसासा टाकला की ते विचारत, "दोन गेली, आठ आहेत. तुमची दहा आहेत ना? त्यांनी काय वाजवलं सांगा." पाहुणा चहा अर्धा टाकून उठे. चहा वाया गेला म्हणून मी चिडत असे.

त्या जूनमध्ये भाऊजी सायकलच्या कॅरियरवर एक लांबट लाकडी खोकं बांधून घरी आले. नवीन यंत्र बसवायला आलेल्या एका जर्मन इंजिनिअरने फावल्या वेळात जोडायला म्हणून गिटारचे सुटे भाग आणले होते. त्याला वेळ मिळाला नाही, तो मायदेशी गेला, आणि खोकं गेस्ट हाऊसच्या भटारखान्यात पडून राहिलं. ते चुलीत जायच्या आत भाऊजींनी मागून आणलं.

सासूबाई निवडत होत्या ते तांदूळ सोडून बघायला आल्या. "काय हाय हे?"

"गिटार आहे, आई."

"मोडलीया?"

"अजून झालीच नाही."

"मग झाल्यावर आनायची की! ही तर ढलपी हायेत."

ती ढलपीच भाऊजींना हवी होती. गिटार वाजवणारा डाव्या हाताच्या बोटांनी तारा दाबतो आणि उजव्याने छेडतो. भाऊजींना आता उजव्या हाताने दाबून उरलेल्या डाव्याने छेडायचं होतं, म्हणजे सगळी गिटारच उलटी पाहिजे. तारा तेवढ्या उलट्या लावून भागत नाही, कारण पोटातल्या पट्ट्या आणि तारांखालची घोडी एकाच बाजूचा विचार करून बसवलेली असते. तयार गिटार तशी मिळत नव्हती. न जोडलेली मात्र उलटी जोडता येते. अंगठा आणि अनामिका यांच्या चिमटीत छोटी पट्टी धरून तारा छेडायचं त्यांनी आधीच जमवलं होतं, आणि उजव्या हाताला वळण लागावं म्हणून गेटवर बसल्या बसल्या एका लाकडी फळकुटावर सुतळ्या ताणून ते तासन्‌तास बोटं फिरवत. ट्रॅक्टरवाले जाता जाता ओरडत, "वाजतंय का काय?" भाऊजी ओरडत, "तुला ऐकू येत नाही, त्याला मी काय करू?"

त्यांचं ठरलं होतं. गणेशोत्सवात कॉलनीच्या कार्यक्रमात स्टेजवर बसून वाजवायचं. वेल्फेअर ऑफिसरांनी सांगून ठेवलं होतं की उत्सवानंतर गेटची जागा भाऊजींच्या नावाने पक्की करू. आमच्या ह्यांना त्यात हायसं वाटलं. "बसून पगार आहे, वाईट काय त्यात?" असं ते जेवताना म्हणाले.

भाऊजींनी घास खाली ठेवला. "दादा, कारखान्याला दोन बोटं दिली. उरलेला माणूस द्यायचा नाही मला."

खोक्यातला नकाशा जर्मन होता आणि उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा होता. भाऊजींनी तो माझ्या लग्नातल्या आरशासमोर धरला आणि मला म्हणाले, "वहिनी, आरशात दिसतंय तसं काढा." मी आरशात बघून कागदावर सगळं उलटं उतरवलं. भागांची नावं कुणालाच वाचता येत नव्हती, म्हणून मी माझी दिली: पोट, पाठ, बगला, मान. पोटाच्या आतल्या पट्ट्यांना मी बरगड्या म्हटलं. महिनाभर आमच्या घरात "मान कुठे ठेवलीत?" आणि "डावी बगल सापडत नाही" असे संवाद चालत, आणि शेजारच्या काकू दारात थबकून आत यावं की नाही ते ठरवत.

बगला म्हणजे गिटारच्या बाजूच्या पातळ, वळणदार पट्ट्या. भटारखान्याच्या धगीने त्यातली एक उघडून जवळजवळ सरळ झाली होती. तिला पुन्हा वळवायचं कसं? भाऊजी सकाळी मोरीत दात घासत होते आणि समोर आंघोळीच्या पाण्याचा तांब्याचा बंब पेटलेला होता. बंबाच्या मधून वर येणारी ती गोल, तापलेली नळी त्यांनी पाहिली आणि तोंडात फेस तसाच ठेवून मला हाक मारली. मग काय, पट्टी ओल्या फडक्यात गुंडाळायची, नळीवर हलक्या हाताने दाबायची, वाफ निघाली की जरा वाकवायची, पुन्हा भिजवायची. उजव्या हाताने दाब आणि डाव्याच्या तीन बोटांनी अंदाज. लाकडाचा गोडसर वास मोरीभर पसरे. बंबातलं पाणी उकळून उतू जाई आणि आमचे हे पंचा लावून दाराशी उभे. "आज आंघोळ आहे की गिटार आहे?"

"गिटार आहे," आतून उत्तर येई. "आंघोळ काल झाली ना तुमची?"

खरा छळ होता तो सरसाचा. भाऊजी सुताराकडून सरसाच्या वड्या आणून डब्यात पाणी घालून कढवत. घरभर जनावराच्या कातड्याचा वास. सांधा जोडला की त्यावर दाब पाहिजे. शिकंजे नव्हते, म्हणून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या करकचून आवळायच्या आणि वर घरातलं जे जड असेल ते ठेवायचं. पाटा, वरवंटा, जात्याची तळी, माझा लोखंडी तवासुद्धा गेला. आणि नियम असा की सरस वाळेपर्यंत त्या खोलीत कुणी धपधप चालायचं नाही, दार आपटायचं नाही, वाद घालायचा नाही. वाद तर सरस कढवतानाच सुरू झालेला असे.

"माझा पाटा दे," सासूबाई म्हणत.

"आई, सरस."

"सरस गेला खड्ड्यात! मला ठेचा वाटायचाय."

"मिरची तशीच खा आज."

"बोटं तुटली, पन जीभ न्हाई तुटली तुजी," असं पुटपुटत त्या शेजारी पाटा मागायला जात. गिटारला त्या तुनतुनं म्हणत. त्या तुनतुन्यापायी पोरगं आहे ती नोकरीही घालवणार, अशी त्यांना धास्ती होती. भाऊजींसमोर त्या हे बोलत नसत. माझ्यासमोर रोज बोलत.

पोळ्याच्या आदल्या दिवसापर्यंत गिटार बरीचशी उभी राहिली होती. बगला, पाठ आणि मान एकमेकांना धरून होती. पोटाची फळी आतल्या पट्ट्या चिकटवून तयार होती आणि ती सकाळी वर बसवायची होती. मी बाजारातून परत आले तर सासूबाई उकिडव्या बसल्या होत्या. समोर पाटावर गिटार, तिच्यावर ती फळी जागच्या जागी नीट ठेवलेली, बाजूला पितळी वाटीत लोणी आणि हळद. दोन्ही हातांनी त्या गिटारच्या खांद्यांना लोणी-हळद चोळत होत्या. तळव्याने, गोल गोल, दाबून.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे असे मळतात हे मी ऐकून होते. जू वाहून सोललेल्या खांद्याला आराम पडावा म्हणून. आमच्या कॉलनीत बैल कुठून येणार?

मी "अहो आई!" म्हणेपर्यंत भाऊजी दारात उभे. त्यांनी बघितलं. सासूबाईंनी वर पाहिलं आणि शांतपणे म्हणाल्या, "उद्या पोळा न्हवं? हितं आपल्याकं बैल न्हाईत. तुजं आता हेच वढनार हाय. म्हनून खांदं मळलं."

सासूबाई त्या गिटारला तुनतुन्याशिवाय वेगळं काही म्हणाल्या त्या पहिल्यांदाच. आणि गिटारची तर वाट लागली होती. कोरं, पॉलिश न केलेलं लाकूड लोणी प्यायलं होतं, नेमकं तिथेच जिथे सकाळी सरस लावायचा होता. चरबीवर सरस धरत नाही. गणपती बसायला आठवडाही नव्हता.

भाऊजी खाली बसले. त्यांचा चेहरा उतरलेला मला दिसत होता. त्यांनी विचारलं, "दोन्ही खांदे मळलेस?"

"व्हय तर. येकच मळला तर बैल रुसंल."

भाऊजी हसले. आधी बारीक, मग इतके की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी आईचा लोण्याने माखलेला हात हातात घेऊन सरसाचं काय होतं ते तिला सांगितलं. सासूबाई एका वाक्यात समजल्या. शेतातल्या बाईला कशाला काय चिकटतं ते दोनदा सांगावं लागत नाही. त्या उठल्या आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या. दुसऱ्या दिवशी पुरणपोळ्या त्यांनीच केल्या. स्वतः मात्र एकही खाल्ली नाही.

लोणी काढायला भाऊजींनी आदल्या संध्याकाळीच आधी धुण्याच्या सोड्याचं पाणी लावून बघितलं. हळदीला सोडा लागताच ती लालभडक झाली. दोन्ही खांद्यांवर तळव्याएवढे लाल डाग उमटले. सासूबाई भिंतीकडूनच वळून म्हणाल्या, "घ्या. आता कुकू बी झालं." सोडा थांबला. मग मी ह्यांच्या ऑफिसातला टीपकागद आणला. टीपकागद लाकडावर, वर कोमट इस्त्री. कागदावर तेलकट डाग उमटे, कागद बदलायचा. पोळ्याचा अख्खा दिवस आम्ही लाकडातून लोणी काढत होतो. शेवटी कडा भाऊजींनी काचेच्या तुकड्याने खरवडल्या, ताजं लाकूड दिसेपर्यंत. मग सरस, ट्यूबा, पाटा, जातं. आणि सासूबाई दारात बसल्या. शेजारच्या काकू "पोळी घेऊन आलेय हो" म्हणत आल्या, तर सासूबाईंनी हात वर केला. "सरस हाय! गप उभं ऱ्हावा."

सांधा धरला. ऑर्केस्ट्रातला एकजण म्हणाला, गडद पॉलिश मार, डाग झाकतील. भाऊजी म्हणाले, "आईनं मळलेत खांदे. झाकू कशाला?" नुसतं पातळ पॉलिश दिलं. लाल खांद्यांची ती गिटार पहिल्यांदा वाजली तेव्हा आवाज थोडा जाड निघाला, घसा बसलेल्या माणसासारखा. भाऊजींनी कान लावून ऐकला आणि म्हणाले, "घरचाच आहे."

कार्यक्रमाच्या संध्याकाळी वेल्फेअर ऑफिसर मांडवात आले. माणूस वाईट नव्हता, पण त्याला वरून सांगितलं गेलं असावं. ते भाऊजींना बाजूला घेऊन म्हणाले, "वाजवा, आनंदाने वाजवा. फक्त पडद्यामागून. पुढच्या रांगेत डायरेक्टर मंडळी कुटुंबासह बसतात. हात बघून बायकांना कसंतरी होतं. आणि अपघाताची आठवण कशाला?"

गिटार उलटी झाल्यामुळे तिची मान दुसऱ्या बाजूला जायची आणि तो डावा हात बरोबर मध्यावर, लोकांच्या डोळ्यांसमोर यायचा. भाऊजी म्हणाले, "साहेब, आठवण मी रोज जेवताना करतो. त्यांनी एक संध्याकाळ केली तर काय बिघडेल?"

"पडद्यामागे नाहीतर हातमोजा घाला. तिसरा मार्ग नाही."

सासूबाई माझ्याशेजारी उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी पदर खोचला आणि सरळ पुढच्या रांगेत जाऊन, डायरेक्टरांसाठी राखलेल्या खुर्चीवर, मांडी घालून बसल्या. कार्यकर्ता धावत आला. "आजी, ही खुर्ची राखीव आहे."

"व्हय, मलाच. माज्या पोराचा हात बघायचाय मला. मला कायबी हुत न्हाई."

पडदा अर्धा उघडला. भाऊजींनी आपली खुर्ची उचलली, पडद्याच्या पुढे आणून ठेवली आणि बसले. ऑफिसर बाजूने दबक्या आवाजात म्हणत होते, "मागे घ्या, मागे घ्या."

"पडदा मागे घ्या, साहेब," भाऊजी म्हणाले, आणि ते माइकवरून सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "मी आहे तिथंच आहे."

त्यांनी वाजवलं. दोन ठिकाणी बोट घसरलं, ते मलासुद्धा कळलं. गाणं संपलं तेव्हा जोरात टाळ्या पडल्या. त्यात कीव किती होती आणि दाद किती, ते सांगता येणार नाही. भाऊजींनाही तेच वाटलं असणार, कारण त्यांनी टाळ्या चालू असतानाच दुसरं गाणं सुरू करून त्या मधेच तोडल्या. तिसऱ्या गाण्याला मागच्या बाजूने, हमाल आणि गव्हाणीवरची माणसं उभी होती तिकडून, "अजून एक होऊन जाऊ द्या!" अशी आरोळी आली. ती कीव नव्हती. पुढच्या रांगेत कुणाला कसंतरी झालं की नाही, मी बघितलं नाही. मी सासूबाईंकडे बघत होते. त्या गाण्याकडे लक्ष न देता नुसत्या त्या हाताकडे बघत होत्या.

विसर्जनानंतर ऑफिसरांनी बोलावलं. गेटची जागा पक्की करतो म्हणाले, पण पुढे स्टेजवर वगैरे नको, शिस्तीचा प्रश्न होतो. भाऊजींनी तिथेच त्यांचं पेन मागून घेतलं आणि राजीनामा लिहिला. आमचे हे त्या रात्री जेवले नाहीत. त्यांची बाजूही खोटी नव्हती. पक्की नोकरी हातातून जाणं म्हणजे काय ते तिसगावच्या घराला ठाऊक होतं. सकाळी ह्यांनी इतकंच विचारलं, "पुढं काय?" भाऊजी म्हणाले, नगरला एक ऑर्केस्ट्रावाला म्हणाला होता, ये, ऐकतो. फक्त ऐकतो म्हणाला होता, घेतो म्हणाला नव्हता.

पुढचं थोडक्यात सांगते. त्याने घेतलं. भाऊजींनी खर्ड्यापासून नाशिकपर्यंत जत्रा, लग्नं, गणपती सगळं वाजवलं, पुढे नगरला मुलांना शिकवलं, आणि शेवटपर्यंत पडद्यापुढेच बसले. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांना भेटायला मी अनेकदा नगरला गेले, पण माझ्या मनात त्यांचा निरोप एकदाच झाला, कोपरगावच्या एसटी स्टँडवर.

गिटार माझ्या जुन्या गोधडीत गुंडाळलेली होती. कंडक्टर म्हणाला, "ओ पाहुणे, ते बोचकं टपावर टाका."

"टपावर नाही जाणार ती. तडकेल."

"मग मांडीवर घ्या."

"मान मोडेल."

"एका तिकिटात एकच सीट हाय, सांगून ठेवतो."

"एकच पाहिजे," म्हणत भाऊजींनी गिटार खिडकीशी सीटवर नीट टेकवून ठेवली आणि स्वतः दांडा धरून उभे राहिले. सासूबाई खालून खिडकीशी टाचा उंचावून ओरडल्या, "आरं, नगर हितं हाय का? पाय मोडत्याल. जरा सरकून बस की!"

गाडी सुरू झाली होती. भाऊजी वाकून खिडकीतून म्हणाले, "बसायचं नाही, म्हणून तर चाललोय, आई."